नळ, गॅस आणि नवीं यंत्रें : जव्हार-मोखाड्यांतील घरांचा विचार

जव्हार हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंचीवर वसलें आहे. मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी. संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, गांव पुढें ठाणें जिल्ह्यांत राहिलें आणि १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यांत आलें. राज्यव्यवस्था बदलली, पण हिवाळ्यांतील पहांट बदलली नाहीं. ठाणें जिल्ह्याचें महाबळेश्वर असें जव्हारास लोक कौतुकानें म्हणत, तें पुष्कळसें या थंडीमुळेंच. अशा पहांटे जुन्या घरांतून न्हाणीच्या कोपऱ्यांत तांब्याचा बंब पेटत असे. मधल्या नळकांड्यांत ढलप्या आणि गोवऱ्या, भोंवतीं पाणी, खालीं राख, वर धूर. बंबाला कोणा कारागिराची जोडणी लागत नसे. घागरीनें पाणी ओतावें, जाळ घालावा आणि तोटीखालीं बादली धरावी. त्यांत शहाणपणाची एक गोष्ट सहजच साधलेली होती. पाणी ओतावयाचें तोंड उघडें असल्यामुळें वाफ कोंडून रहात नसे आणि भांडें फुटण्याचें भय नसे.

आतां त्याच कोपऱ्यांत गॅसचा किंवा विजेचा गीझर येतो, मोरीशेजारीं धुलाईयंत्र येतें, ओट्यावरच्या भिंतीला पाणी शुद्ध करण्याचें यंत्र टांगलें जातें आणि चुलीच्या जागीं काचेच्या पाठीची शेगडी बसते. खोकें उघडतांना सारें घर भोंवतीं जमतें. जोडणी करणारा कारागीर आला म्हणजे मात्र घरांतील कर्ता मनुष्य वर्तमानपत्र घेऊन ओटीवर जाऊन बसतो. हें उलट व्हावयास पाहिजे. खोक्यांतील यंत्र कारखान्यांत तपासून आलेलें असतें. खर्च, गळती आणि धोका हीं उद्भवतात तीं बहुधा शेवटच्या दोन हातांत, म्हणजे यंत्राची नळी घराच्या नळाला जेथें मिळते तेथें.

मुंबईस विहार तलावाचें पाणी नळानें आलें तें १८६० सालीं, आणि तिच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५ सालीं. स्वैपाकासाठीं लोखंडी सिलिंडरांत भरलेला द्रवरूप गॅस बर्मा-शेल कंपनीनें मुंबईंत विकावयास काढला तो १९५५ सालीं. नळकाम करणाऱ्या माणसाला इंग्रजी धरून आपण प्लंबर म्हणतों. त्या शब्दाच्या मुळाशीं शिसें या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, कारण रोमन लोकांचे नळ शिशाचे असत. हा शब्द आपण उसना घेतला खरा, पण एक शब्द परतहि दिला आहे. स्नानाच्या खोलींतील जमिनींत पाणी वाहून जाण्यासाठीं जें जाळीचें भांडें बसवितात, त्याला सरकारी बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतून 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. ही नहाणी म्हणजे मराठी घरांतील न्हाणीच होय. तिच्या कामाचा विचार पुढें येईल.

आधीं पाण्याचा विचार केला पाहिजे. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत पाऊस थोडा नाहीं. वर्षाला सुमारें अडीच हजार मिलिमीटर, म्हणजे शंभर इंच पाऊस तेथें पडतो. तरीहि एप्रिल-मे महिन्यांत पाड्यांवरील बायका डोक्यावर हंडे घेऊन आटत्या विहिरींवर रांगा लावतात आणि टँकरची वाट पहातात. खालीं काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि जमीन उताराची. पडलेलें पाणी मुरावयास अवसर मिळत नाहीं, तें घळींतून नदीला आणि नदींतून समुद्राला मिळतें. याच मोखाडा तालुक्यांत कोचाळे येथें मध्य वैतरणा धरण उभें आहे. त्याची उंची १०२ मीटर असून त्याच्यामुळें २०१४ सालापासून मुंबईस दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी अधिक मिळूं लागलें. मुंबईच्या एकाद्या घरांत धुलाईयंत्रांत जें पाणी घुसळलें जातें, तें मोखाड्याच्या डोंगरांतून आलेलें असण्याचा संभव बराच असतो. त्या डोंगरांत मात्र तेंच यंत्र बसवावयाचें झाल्यास हंड्यांचा हिशेब मांडावा लागतो. या विषमतेचा निवाडा यंत्रांच्या जोडणीच्या भाषणांत करतां येणार नाहीं, पण ती दृष्टीआड करूनहि हा विषय नीट सांगतां येणार नाहीं.

हिशेब असा आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्यें खेड्यांतील दर माणशीं दररोज ५५ लिटर पाणी नळानें देण्याचें माप धरलें आहे. वरून कपडे घालण्याचें पूर्ण स्वयंचलित धुलाईयंत्र एका धुण्याला शंभर लिटरांहून अधिक पाणी सहज घेतें. म्हणजे यंत्राचें एक धुणें हें दोन माणसांचें दिवसभराचें सारें पाणी झालें. समोरून उघडणारें यंत्र याच्या निम्म्याच्या आसपास पाण्यांत काम भागवितें, पण त्याला नळाचा दाब सतत लागतो आणि मध्येंच पाणी गेलें कीं तें दिवे मिचकावीत उभें रहातें. दोन पिंपांचें अर्धस्वयंचलित यंत्र शहरांत आतां जुन्या चालीचें समजलें जातें. परंतु जेथें पाणी वेळेवर येतें न येतें, तेथें तेंच यंत्र शहाणें होय. तें बादलीनें भरतां येतें, आणि शेवटच्या खळबळण्याचें पाणी पुढच्या घाण्याला वापरतां येतें. जव्हार शहराला जयसागर धरणाचें पाणी मिळतें. शहरांतील कुटुंबाला पाड्यावरील कुटुंबाइतकी चिंता करावी लागत नाहीं. तरी उन्हाळ्यांत पाण्याची वेळ आंखडली म्हणजे तेथेंहि हा हिशेब लागू पडतो.

पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राविषयीं तर याहून स्पष्ट बोललें पाहिजे. आर्. ओ. म्हणून ओळखलें जाणारें यंत्र पाण्यांतील विरघळलेले क्षार काढतें, आणि तें करतांना एक लिटर शुद्ध पाण्यामागें सुमारें तीन लिटर पाणी मोरींत सोडून देतें. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असलेलें पाणी भारतीय मानकाप्रमाणें पिण्यास ग्राह्य आहे. डोंगरावरच्या पावसाच्या व झऱ्याच्या पाण्यांत क्षार सहसा थोडेच असतात. तेथें भय असतें तें गढूळपणाचें आणि जंतूंचें. त्यावर गाळणी आणि अतिनील किरणांचें साधें यंत्र पुरतें, आणि वीज नसेल त्या दिवशीं पाणी उकळणें हा उपाय आहेच. क्षारांची तपासणी न करतां केवळ जाहिरात पाहून आर्. ओ. बसविणें म्हणजे एक हंडा पिण्यासाठीं तीन हंडे ओतून देणें. ज्या गांवांत हंडा डोक्यावरून येतो त्या गांवांत ही चैन शोभत नाहीं.

आतां दाबाविषयीं. पुष्कळ सुशिक्षित घरांतहि अशी समजूत असते कीं, टाकी मोठी घेतली म्हणजे पाणी जोरानें येईल. टाकी पांचशे लिटरांची असो वा पांच हजारांची, तोटीपाशींचा दाब ठरतो तो पाण्याच्या पातळीपासून तोटीपर्यंतच्या उभ्या उंचीवर. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो, असा साधा हिशेब आहे. एक मीटरला त्याचा दहावा हिस्सा.

समजा, मुंबईंत तीस वर्षें नोकरी करून एक कुटुंब जव्हारच्या आपल्या जुन्या घरीं परत आलें. मुंबईंत तें सातमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर रहात होतें. गच्चीवरील टाकी त्याच्या डोक्यावर पंधरा-सोळा मीटर. म्हणून दीड किलोचा दाब त्याला न मागतां मिळत असे. जव्हारच्या घराला मंगलोरी कौलें. टाकी ठेवली ती मागील न्हाणीच्या लहानशा स्लॅबवर. टाकींतील पाणी आणि फवाऱ्याची झारी यांत अंतर राहिलें जेमतेम चार फूट, म्हणजे सव्वा मीटर. दाब झाला किलोचा आठवा हिस्सा. मुंबईहून आणलेला गॅसचा गीझर या दाबाला पेटेना. पेटावा कसा ? त्याच्या पोटांत रबराचा एक पडदा असतो. वाहत्या पाण्याच्या जोरानें तो पडदा सरकला तरच गॅसची वाट उघडते, आणि त्याला बहुधा पाव किलोच्या आसपास जोर लागतो. समोरून उघडणाऱ्या धुलाईयंत्रालाहि कारखानदार कमींत कमी दाब नेमून देतो. तो बहुधा तीन दशांश ते अर्धा किलो असतो. घरच्या मंडळींना वाटलें, दोन्ही यंत्रें ट्रकच्या धक्क्यांनीं बिघडलीं. यंत्रें धड होतीं; बदलली होती ती उंची.

टाकी उंच करणें हा सरळ उपाय. परंतु लिटरभर पाणी किलोभर भरतें. पांचशे लिटरांची टाकी म्हणजे अर्धा टन ओझें, आणि कौलारू घराचे वांसे तें पेलणार नाहींत. त्यासाठीं घरालगत विटांचे वा काँक्रीटचे खांब, नाहींतर लोखंडी मनोरा उभारावा लागतो. आणि जव्हारचा पावसाळा लोखंडाला दयामाया दाखवीत नाहीं, म्हणून मनोऱ्याला वेळच्या वेळीं रंग दिला पाहिजे. दुसरा उपाय नळाच्या जाडीचा. पाणी वाहूं लागलें म्हणजे नळाच्या अंगाशीं घासून त्याचा जोर खर्च होतो, प्रत्येक कोपऱ्यावर आणि अर्धवट उघडलेल्या प्रत्येक चावीपाशीं तो आणखी खर्च होतो. टाकींतून निघतांनाच अर्ध्या इंचाचा नळ काढला आणि त्याला सहा कोपर घातले, तर उंचीचा लाभ वाटेंतच संपतो. टाकींतून एक इंची नळ काढून तो यंत्रापाशीं आल्यावरच अर्ध्या इंचाचा करावा. पैशाचा फरक थोडा, पाण्याचा फार. हे दोन्ही उपाय पुरे न पडले तरच दाब वाढविणारा छोटा पंप बसवावा, आणि तोहि टाकीनंतर.

टाकीनंतर, हा शब्द महत्त्वाचा आहे. नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नळालाच पंप लावून पाणी ओढण्याची खोड अनेक गांवांत आहे. हें शेजाऱ्याच्या तोंडचें पाणी पळविणें तर आहेच, पण आपल्याहि घरावर संकट आणणें आहे. जेथें पाणी ठराविक वेळींच सुटतें, तेथें उरलेला वेळ जमिनींतील नळ रिकामा असतो. त्याला बारीक चिरा असतात, आणि पावसाळ्यांत त्या चिरांभोंवतीं गटाराचें पाणी साचलेलें असतें. नळ दाबानें भरलेला असतांना पाणी चिरेंतून बाहेर गळतें. पंपानें ओढ दिली कीं बाहेरची घाण आंत येते. हीच गोष्ट पंपावांचूनहि घडूं शकते. उतारावरच्या गांवांत पुरवठा बंद झाला म्हणजे वरच्या घरांच्या नळांतील पाणी खालीं उतरूं लागतें आणि मागें पोकळी निर्माण होते. त्या क्षणीं कोणाच्या घरीं तोटीला लावलेली रबरी नळी साबणाच्या पिंपांत बुडालेली असेल, तर पिंपांतील पाणी नळांत चढतें आणि पुढच्या खेपेस तेंच कोणाच्या तरी पिण्याच्या हंड्यांत उतरतें. म्हणून यंत्राच्या जोडणींत एकाच दिशेनें पाणी जाऊं देणारी झडप बसवून घ्यावी, आणि पाण्याखालीं नळीचें तोंड कधींहि बुडवून ठेवूं नये. तोटीचें तोंड आणि पिंपाची कड यांत चार बोटें मोकळी हवा असणें, ही सर्वांत जुनी आणि सर्वांत भरंवशाची झडप होय.

नळ कशाचा असावा, याचें उत्तर पूर्वी एकच होतें : जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी. त्याच्या आंट्यांना कारागीर ताग गुंडाळून सफेदा फांशीत असे. सफेद्यांत शिसें असल्यानें पिण्याच्या पाण्याला तो चांगला नव्हे. आतां त्याची जागा पांढऱ्या बारीक फितीनें घेतली आहे. प्लास्टिकच्या नळांत एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. साधा यूपीव्हीसी नळ गार पाण्याचा आहे. गीझरमधून निघणारें पाणी त्यांतून नेलें तर तो कालांतरानें वांकतो आणि सांधा सोडतो. गरम पाण्यासाठीं सीपीव्हीसीचा फिकट पिंवळा नळ आहे. दोन्ही नळांचे सांधे ज्या चिकट द्रवानें जुळवितात तोहि निराळा, आणि तो पक्का होण्यास वेळ द्यावा लागतो. काम संपतांच चावी सोडून दाखविणारा कारागीर हुशार दिसतो, पण सांधा तेथेंच कच्चा रहातो.

धुलाईयंत्राचें पाणी आंत कसें येतें याची चौकशी सारे करतात. तें बाहेर कसें जाणार, हें कोणी पहात नाहीं. सांडपाण्याची नळी जमिनीवर लोळत ठेवली, तर यंत्र भरतांभरतां रिकामें होत जातें आणि पाणी भरण्याचें थांबतच नाहीं. नळीचा वांक जमिनीपासून दोन-तीन फूट उंच धरावा, आणि तिचें टोंक ज्या उभ्या नळांत सोडावयाचें त्यांत हवेला जागा ठेवावी. शेवटीं हें पाणी नहाणी ट्रॅपमधून जातें. त्या भांड्याच्या वांकांत दोन इंच पाणी कायम साचून रहातें, आणि तेंच गटाराची दुर्गंधी व झुरळें अडवितें. उन्हाळ्यांत घर महिनाभर बंद राहिलें कीं तें पाणी वाळतें आणि घर उघडतांच घाण येते. मंडळी फिनेल शोधतात. पुरेसें होतें तें तांब्याभर पाणी.

विजेच्या गीझरविषयीं थोडकें सांगितलें तरी चालेल. बंबाचें तोंड उघडें होतें, या गीझरचें बंद आहे. आंतील पाणी तापून फुगलें तर त्याला बाहेर पडण्यासाठीं पितळेची एक झडप दिलेली असते, आणि तिच्यांतून कधीं कधीं थेंब पडतात. हे थेंब दोष नव्हेत. ते थांबविण्यासाठीं झडपेंत खुंटी ठोकणाऱ्या माणसाला घरांत पुन्हा घेऊं नये. टाकी कोरडी पडलेली असतांना गीझर लावूं नये, आणि त्याच्या वायरीला जमिनीशीं पक्की जोडणी व ३० मिलिअँपियरला तुटणारा स्वयंचलित बटणाचा पहारा असावा. उन्हाळ्यांत मुरमाड जमीन वाळली म्हणजे जमिनीची जोडणी निकामी होते. तेथें अधूनमधून पाणी घालावें लागतें.

गॅसच्या गीझरचा विचार मात्र सावकाश केला पाहिजे, कारण तेथें प्रश्न पैशाचा नसून प्राणांचा आहे. दर हिवाळ्यांत महाराष्ट्रांत कोठें ना कोठें न्हाणीघराचें दार फोडून आंतील मनुष्य बेशुद्ध किंवा मृत सांपडल्याची बातमी येते. गॅस गळालेला नसतो, वास आलेला नसतो, आग लागलेली नसते. मग झालेलें असतें काय ?

मिनिटाला सहा लिटर पाणी तापविणारा गीझर तासाला सुमारें एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस पूर्ण जळण्यास सुमारें तेरा घनमीटर हवा लागते. आतां न्हाणीघर पांच फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच धरलें तर त्यांत हवा मावते साडेचार घनमीटर. दार लावून, खिडकी थंडीसाठीं बंद करून कोणी दहा मिनिटें गीझर चालविला, तर तेवढ्यांत दोन घनमीटरांहून अधिक हवेंतील प्राणवायु संपतो. म्हणजे खोलींतील जवळजवळ निम्मा. पण तो इतका संपण्याच्या आधींच ज्योत अर्धपोटीं जळूं लागते, आणि पुऱ्या जळलेल्या वायूऐवजीं कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. गॅसमध्यें जो उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो, तो जळण्यांत नाहींसा झालेला असतो. रक्तांतील ज्या द्रव्यावर बसून प्राणवायु शरीरभर जातो, त्या द्रव्याला हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक बळकटीनें चिकटतो. स्नान करणाऱ्याला किंचित् डोकें जड झाल्यासारखें वाटतें. गरम पाण्याची सुस्ती आली असें तो समजतो, आणि दाराच्या कडीपर्यंत पोहोंचण्याचें बळ त्याच्या पायांत उरत नाहीं.

म्हणून हा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेंत किंवा हवेशीर व्हरांड्यांत, पावसाच्या झडीपासून आडोशाला लावावा आणि गरम पाण्याचा नळ तेवढा भिंतींतून आंत न्यावा. नळ दोन हात अधिक लागतो म्हणून कारागीर कुरकुर करील. त्याला दोन हातांचे पैसे द्यावे. आंतच लावणें भाग असेल तर जळलेला वायु बाहेर नेणारें धुराडें हवें, आणि भिंतीला दोन झरोके हवे : एक वर, कारण तापलेला वायु वर चढतो, एक जमिनीलगत, कारण न जळलेला गॅस हवेहून जड असून खालीं बसतो. हे झरोके बंद न होणारे असावेत. थंडी वाजते म्हणून आजीबाई त्यांत बोळा कोंबतात, हें घरांतल्या सर्वांनीं जाणून असावें. मुलें व वृद्ध यांच्यासाठीं तर दार उघडें ठेवून आधीं बादली भरावी, गीझर बंद करावा, आणि मग स्नानास बसवावें.

जड गॅसची ही गोष्ट स्वैपाकघरांत अधिकच लागू आहे. मुंबईंत आतां पुष्कळ घरांत नळाचा गॅस आहे. तो हवेहून हलका, गळाला तर वर जातो आणि खिडकींतून निघून जातो. जव्हार-मोखाड्याच्या घरांत गॅस येतो तो सिलिंडरांतून. १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें तो पाड्यांवरच्या झोंपड्यांतहि पोंचला. तेथें गॅसची शेगडी आली म्हणून चूल गेली असें झालें नाहीं. सिलिंडर परवडेल तेव्हां गॅस आणि एरवीं सरपण, असा व्यवहार चालतो, आणि दोन्ही एकाच कुडाच्या खोलींत असतात. सिलिंडरांतून गळलेला गॅस जमिनीवरून पाण्यासारखा पसरतो आणि चुलींतील निखाऱ्यापर्यंत जातो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच खोलींतील सारी हवा स्फोटक करण्यास एक किलो गॅस पुरतो. तो खालींच साचत असल्यानें प्रत्यक्षांत याहून कितीतरी थोडाहि पुरतो. त्या घरांनीं सिलिंडर व चूल यांत निदान मधली भिंत तरी ठेवावी, आणि सिलिंडराच्या बाजूची भिंत जमिनीलगत मोकळी असावी.

वर सांगितलेल्या कुटुंबानें मुंबईची शेगडीहि बरोबर आणली होती. ती नळाच्या गॅसची होती. नळाचा गॅस कमी दाबानें येतो आणि तेवढ्या आकारमानांत त्याची उष्णताहि कमी, म्हणून त्या शेगडीचीं छिद्रें मोठीं असतात. त्याच छिद्रांतून सिलिंडरचा गॅस सोडला कीं ज्योत पिंवळी, उंच आणि काजळी धरणारी होते, भांडीं काळीं पडतात, आणि गॅस भराभर संपतो. शेगडी बदलण्याची गरज नसते. बदलावयाचीं असतात तीं पितळेचीं इवलीं छिद्रमुखें. कारागीर त्यांना जेट म्हणतो. उलट दिशेनें, म्हणजे गांवची शेगडी घेऊन शहरांत जाणाऱ्यालाहि हीच अडचण येते.

रबरी नळी ही या साऱ्या जोडणींतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तु. ती आंत पोलादी तारेची वीण असलेली, मानकाचें चिन्ह असलेली, दीड मीटरहून लांब नसलेली असावी, आणि पांच वर्षांनीं, कितीहि चांगली दिसली तरी, टाकून द्यावी. तिच्यावर वर्ष छापलेलें असतें. शेगडी सिलिंडराच्या वरच्या पातळीवर असावी आणि सिलिंडर नेहमीं उभा. एकाच सिलिंडरावर शेगडी आणि गीझर दोन्ही चालविण्यासाठीं रबरी नळी मध्येंच कापून तिला तीन तोंडांचा तुकडा बसविण्याची युक्ति सर्वत्र दिसते. ती युक्ति नव्हे, आगीला दिलेलें आमंत्रण आहे. गॅस वितरकाच्या माणसाकडून तांब्याचा पक्का नळ टाकून प्रत्येक यंत्राला स्वतंत्र चावी बसवून घ्यावी, नाहींतर गीझरला निराळा सिलिंडर ठेवावा. सिलिंडराच्या मानेजवळच्या पट्टीवर आंतून एक इंग्रजी अक्षर आणि दोन आंकडे रंगविलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर, आणि पुढें वर्ष. त्या मुदतीनंतर त्या सिलिंडराची परीक्षा व्हावयास पाहिजे. मुदत उलटलेला सिलिंडर दारांतूनच परत करण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला आहे, आणि तो वापरतांना संकोच करूं नये.

कारागिराविषयीं दोन शब्द. मुंबईच्या इमारतींत नळकाम करणाऱ्यांत ओडिशांतील केंद्रापाडा जिल्ह्याचे लोक पुष्कळ. तेथें पट्टामुंडई गांवीं या धंद्याचें शिक्षण देणारी सरकारी संस्थाहि आहे. आपल्याकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून हा अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो. तरी पुष्कळ घरांत अजून पाना हातीं धरणारा तो प्लंबर, असाच समज आहे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याचीं कुटुंबें भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. पाड्यापाड्यांत आतां नळ, टाक्या, पंप आणि शेगड्या आल्या आहेत, आणि त्यांची दुरुस्ती करणारा मनुष्य मात्र तालुक्याच्या गांवाहून बोलवावा लागतो. तो येईपर्यंत एकाद्या साध्या वॉशरसाठीं टाकी रात्रभर गळत रहाते. दर पाड्याचा एकेक मुलगा वर्षभर हें काम शिकला तर त्याला भट्टीवर जावें लागणार नाहीं, असें मानण्यास जागा आहे.

कारागिराचे पैसे चुकते करण्याआधीं घरमालकानें त्याच्यासमोर कांहीं गोष्टी पाहून घ्याव्या. गॅसच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेंस लावावा आणि बुडबुडा येतो कीं काय तें पहावें. हें काम काडी पेटवून करण्याचा आग्रह कोणी धरल्यास त्याला घराबाहेर काढावें. पाण्याच्या प्रत्येक सांध्याखालीं कोरडा कागद ठेवून तासाभरानें तो पहावा, कारण बारीक गळती डोळ्याला दिसत नाहीं, कागदाला दिसते. यंत्र बंद असतांना पाण्याच्या मापकाचा कांटा फिरत नाहीं ना, हेंहि पहावें. गॅसचा वास आल्यास रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या, विजेचें कोणतेंहि बटण लावूं नये व बंदहि करूं नये, आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें. तो क्रमांक अहोरात्र चालूं असतो. शेवटीं, घराचें सारें पाणी एकदम बंद करणारी चावी आणि गॅसची चावी कोठें आहेत, तें कारागिराकडून विचारून त्यांच्या शेजारीं भिंतीवर रंगानें ठळक लिहून ठेवावें. दुपारीं घरांत बहुधा आजी आणि लहान मुलेंच असतात, आणि चावी फिरविण्याची वेळ त्यांच्यावरच येते.